न्हाणीत घसरलेली पोरगी

न्हाणीत लाल माती असते का हो? माझ्या कानामागं माती, पाठीवर संघाचा आकडा, आणि तरी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं मुकाट मान्य केलं, की ही पोरगी न्हाणीत घसरलीय! आठवलं की आजही डोकं फिरतं.

नव्वद साल उलटून काही वर्षं झाली होती. आमचं मूळ गाव मुरगूड, राहायला राजारामपुरीत भाड्यानं. मी कॉलेजात होते आणि जिल्ह्याच्या कबड्डी संघात चढाई करायचे. राज्याच्या संघाची निवड चाचणी पंधरवड्यावर आली होती. मला दुसरं काही सुचत नव्हतं. ताटावर बसले तरी मनात चढाईच.

सरावाच्या सामन्यात कोपऱ्यातल्या पोरीनं माझा घोटा धरला. मी मधल्या रेषेकडं झेप घेतली. अंग वळलं, पाय तिथंच राहिला. गुडघ्यात कट्टकन वाजलं ते मला ऐकू आलं. मैत्रिणींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि घरी निरोप धाडला.

आई आली ती पाय बघायला नाही. आधी तिनं अंगावरची शाल माझ्या उघड्या गुडघ्यांवर टाकली, मैत्रिणींना वाटेला लावलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "न्हाणीत घसरली म्हणायचं. खेळात पाय मोडला म्हटल्यावर कोण सून करून घेणार हाय तुला?"

शेजारच्या खाटेवर एक पैलवान होता, खांदा निखळलेला. भोवती अख्खी तालीम. डॉक्टर त्याला कौतुकानं विचारत होते, कुठल्या डावात गेला, हात कसा अडकला. दोन पैलवानांनी तिथंच कॅज्युअल्टीत डाव करून दाखवला! मग डॉक्टर माझ्याकडं वळले.

"काय झालं, मावशी?" विचारलं आईला. पाय माझा!

"न्हाणीत घसरली, सायेब."

"न्हाय ओ, कबड्डी खेळ..." एवढं बोलले आणि शालीखालून आईनं असा चिमटा काढला, की डोळ्यांत पाणी आलं.

"आई सांगतायत ना? तू जरा गप्प बस." गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला. हाड शाबूत. "नुसता मुरगळलाय. पट्टी बांधा, आठवड्यात पळायला लागेल."

मी वेडी, ते धरून बसले. सूज उतरली तशी चाचणीला गेले. पहिल्याच चढाईत वळले आणि पाय खाली राहिलाच नाही. मला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं.

मग राजारामपुरीतल्या हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नडगी धरून गुडघा हलवला आणि कपाळाला हात लावला. "खेळताना वळून झालंय ना हे? आतली दोरी तेव्हाच तुटली असणार. वर परत खेळलीस, आता गादीही फाटलीय. पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?" कबड्डीचं नाव काढू नकोस, म्हणाले. आई छताचा पंखा बघत बसली होती. मी तिच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही.

पुढं काही वर्षांनी कागलकडचे पाहुणे बघायला आले. चहा झाला, नाव-गाव विचारून झालं. मुलाचा चुलता म्हणाला, "जरा चालून दाखव, बाळ." मी चालले. लंगडत, दुसरं कसं चालणार?

"न्हाणीत घसरली होती," आई घाईघाईनं म्हणाली.

"न्हाणीत पडून पाय असा हुतो व्हय?" चुलता हसला. "जन्मापासनंच हाय म्हणा की. लपवताय कशाला?"

आई ताडकन उठली. "जन्मापासनं? अवो पावणं, जिल्ह्याकडनं कबड्डी खेळत हुती माझी पोरगी! चढाईला गेली की चौघींना आवरायची न्हाय! खेळताना गेलाय पाय तिचा, खेळताना!"

पाहुण्यांनी चपला घातल्या. मी भरजरी साडीत भिंतीला टेकून उभी होते. इतकी वर्षं मनात साठवलेलं भांडण त्या घडीला तोंडात येईना.

एवढंच म्हणाले, "आई, हे डॉक्टरला सांगायचं हुतंस गं."