दुसऱ्याची पोर

अक्काच्या मनात धास्ती शिरली की ती अंगण झाडायला घ्यायची. झाडलेलंच अंगण पुन्हा. परदेशी पोरीला घेऊन मी जीपमधून उतरले की आधी खराट्याचा आवाज यायचा आणि मग अक्का दिसायची. पोरीला एकदा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची, खराटा भिंतीला टेकवायची आणि मला बाजूला ओढून हळूच म्हणायची, "बाई, पोर दुसऱ्याची हाय."

जसं काही मला ते माहीतच नव्हतं.

मी मूळची रामनगरची. जोयडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते. बेळगावात एक मंडळ आहे. ते परदेशातली हायस्कूलची मुलं वर्षभरासाठी इकडं आणतं आणि आपली तिकडं पाठवतं. ही मुलं बेळगावात कुणाच्या तरी घरी घरच्यासारखी राहतात. त्यातले काही आठवडे त्यांनी खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी काढावेत अशी मंडळाची पद्धत. ते घर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मला इंग्रजी येतं आणि नाही म्हणता येत नाही.

नंदिगड्ड्याच्या पलीकडं, रानाला लागून अक्काचं घर. घरात ती आणि तिचे यजमान. त्यांना सगळा गाव मामा म्हणायचा. लेकी लग्न होऊन खानापूरकडं गेलेल्या. घर स्वच्छ होतं, माणसं मायाळू होती, म्हणून मी ते निवडलं. अक्का किती काळजी करते हे आधी कळलं असतं, तर कदाचित पुढच्या घराकडं गेले असते. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. दारात पाहुणा हसत उभा असतो आणि याला त्याच्या पायाखालची शेवाळलेली पायरी दिसत असते.

आंघोळीचं पाणी अक्का आधी स्वतःच्या अंगावर ओतून बघायची. पोरगी येणार कळलं की मामांकडून विहिरीवर फळ्या टाकून घ्यायची, मग गावातल्या बायका पाण्याला आल्या की त्यांची बोलणी खायची. पोरगी संडासात गेली की ही बाहेर उभी. जरा वेळ झाला की, "हाईस न्हवं गं?" आतून उत्तर येईपर्यंत हिचा जीव थाऱ्यावर नसायचा. एका वर्षी आलेल्या मुलीनं मला कळवळून विचारलं होतं, "या घरात एकटं बसायची काही सोय आहे का?" मी अक्काला ते सांगितलं. अक्का म्हणाली, "हाय की. तिच्या घरी जाऊन बस म्हणावं."

हेल्मी आली ती फिनलंडहून. गणपतीची चवथ तोंडावर आली होती, भातं हिरवीगार होती आणि पाऊस अजून रेंगाळत होता. उंच पोरगी, केस सुकलेल्या गवताच्या रंगाचे. अक्का तिला हेमी म्हणू लागली आणि तिनंही ते चालवून घेतलं. तिकडं तिच्या घरामागं रानच आहे, लहानपणापासून ती एकटी रानात जाते, फळं आणि अळंबी गोळा करून आणते, असं तिनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. मीही कौतुकानंच ते अक्काला मराठीत सांगितलं.

अक्कानं खराटा उचलला.

"तितं जनावरं न्हाईत?"

"अस्वलं आहेत म्हणते."

"आणि आई सोडती?"

"सोडते."

अक्कानं अंगणाचा एक कोपरा पुरता झाडून काढला. मग म्हणाली, "तर मग मलाच बघाय पायजे."

बघायचं म्हणजे काय, ते मला पुढच्या रविवारी कळलं. मी गेले तेव्हा हेल्मी अंगणात माझ्याकडं पाठ करून ताठ उभी होती आणि अक्का गवताच्या उडवीआड लपली होती. तिकडून गोड आवाजात हाक आली, "हेमीऽऽ, ए हेमी!" हेल्मी हलली नाही. परत हाक, आणखी गोड. पोरगी दगडासारखी उभी. मग अक्कानं तोंडाशी ओंजळ धरून लांब आवाज काढला, "कूऽऽऊ!" तशी हेल्मी गर्रकन वळली आणि तिनंही ओंजळ धरून तसाच आवाज दिला. अक्का उडवीआडून बाहेर आली, पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "शिकली बगा."

हा कुकारा. आमच्या भागात रानात माणसाला नावानं हाक मारत नाहीत, कुकारा घालतात. समोरच्यानं कुकाऱ्यानंच उत्तर द्यायचं. नावानं आलेली हाक माणसाची नसते, ती ओळखीच्या आवाजात येते आणि ओ दिली की माणूस तिच्यामागं जातो, अशी जुन्या लोकांची समजूत. रामनगरच्या बाजारपेठेत वाढल्यामुळं मला हे ऐकून ठाऊक होतं, पाळायची वेळ कधी आली नव्हती. मला तो खेळ वाटला, हेल्मीलाही मी तो हसत हसत इंग्रजीत समजावून सांगितला. हेल्मीलाही मजा वाटत असावी, असं मी धरून चालले.

संतेचा दिवस होता, म्हणजे जोयड्याचा आठवडी बाजार. चवथीचं सामान आणायला अक्का सकाळच्या बसनं गेली. जाताना मामांना दहा वेळा बजावून गेली. मामा दुपारी शेताचा बांध फुटला म्हणून जरा खाली उतरले. परत येऊन बघतात तर हेल्मी नाही आणि दाराआड लटकवलेली वेताची बुट्टी नाही. पोरगी अळंबी काढायला गेली होती, एकटी, जशी तिच्या घरी जाते तशी.

त्यांच्याकडं घरात मोबाईलला रेंज नाही. मामा टेकाडावर चढून गेले आणि तिथून मला फोन केला. एरवी दिवसभरात चार शब्द बोलणारा माणूस. "बाई, हेमी दिसत न्हाई," एवढंच म्हणाले.

शाळेतल्या दोन गुरुजींना घेऊन मी जीपनं पोचले. वाटेत नाक्यावरचा फॉरेस्टचा गार्डही सोबत आला. रिपरिप चालू होती, झाडांत धुकं उतरलेलं. घरामागच्या पायवाटेवर चिखलात गव्यांचे खूर उमटलेले होते, ताजे. आम्ही हाका मारायला लागलो. "हेल्मीऽऽ!" गुरुजी एका बाजूनं, गार्ड दुसऱ्या बाजूनं, मी मधून. सगळ्यात जास्त मीच ओरडले. वर्गात मुलांवर ओरडून कमावलेला आवाज आहे माझा, तो सगळा रानात ओतला. मामा बिचारे आमच्या मागून नुसते फिरत होते, त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

उत्तर आलं नाही. मी तिच्या आईला काय सांगायचं याचा विचार करायला लागले. इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, पण पहिलं वाक्यच सुचेना. उजेड कमी व्हायला लागला तसा गार्ड म्हणाला, आणखी माणसं आणूया, इथं ती असती तर एव्हाना बोलली असती. ते सगळ्यांनाच पटलं. आम्ही माघारी वळलो.

तेवढ्यात वाटेवरून अक्का येताना दिसली. बसमधून उतरल्या उतरल्या तिला कुणीतरी सांगितलं होतं. चपला हातात, पिशवी काखेत, पदर चिखलात लोळतोय. ती रडत नव्हती. मला धरून तिनं विचारलं, "हाका कोन मारत हुतं? रस्त्यावर ऐकू आल्या."

"आम्हीच."

"नाव घिऊन?"

"मग कशा मारणार, अक्का?"

तिचा चेहरा असा उतरला की मी तिचा दंड धरला. "अवो बाई, ती ओ कशी दील? मीच न्हाई म्हणून सांगितलंय तिला!"

तिनं पिशवी टाकली, ओंजळ तोंडाशी धरली, पण आवाजच निघेना. नुसती हवा. मामा पुढं झाले आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. परत ओंजळ धरली. या वेळी कुकारा निघाला, फाटका, कापरा, पण रानभर गेला. आणि ओहोळापलीकडं, आम्ही दोनदा ज्याच्या शेजारून गेलो होतो त्या कळकाच्या बेटामागून, बारीक उत्तर आलं. "कूऽऊ."

एका पुढं आलेल्या खडकाखाली ती अंग चोरून बसली होती. घसरून पाय मुरगळलेला, घोटा टम्म सुजलेला. अळंबी बुट्टीत चिरडून गेलेली. अक्काच्या गळ्याला तिनं जी मिठी मारली ती घरी पोचेपर्यंत सोडली नाही. मामांनी दोघींना सावरत आणलं.

नंतर हेल्मी मला म्हणाली, "मला तुम्हा सगळ्यांच्या हाका ऐकू येत होत्या. तुमचा आवाज तर अगदी स्पष्ट ओळखला. म्हणून जास्तच भीती वाटली."

हे सांगितलं की लोक हसतात. मीही आता हसते. अक्का कधीच हसली नाही. "तुमी माघारी फिरला हुता," एवढंच ती म्हणायची आणि उठून जायची.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे एक गृहस्थ बेळगावहून आले. भला माणूस, पण घाबरलेला. त्यांचं म्हणणं, पोरीला आजच बेळगावला न्यावं आणि तिच्या आईला अंगणात पाय घसरला एवढंच कळवावं, उगाच दूरदेशी त्या बाईंच्या जिवाला घोर कशाला. मलाही ते बरं वाटलं. अक्का दारात उभी राहून ऐकत होती.

"तिची पोर हाय," ती म्हणाली, "आणि तिलाच कळाय नको?"

"अक्का, खरं सांगितलं तर पुन्हा कुणी पोर पाठवणार नाही तुमच्याकडं."

"न्हाई तर न्हाई."

शेवटी ती, मी आणि ते गृहस्थ टेकाडावर गेलो. व्हिडिओवर हेल्मीची आई दिसली. तसेच केस, अजून झोपेतून पुरती जागी न झालेली. अक्कानं आधी फोनला हात जोडले. मग म्हणाली, "सांगा तिला बाई. पडली ती पडली. पण हाका आल्या तरी गप बसली ती माझ्या सांगण्यानं. काय बी गाळू नका."

मी सगळं सांगितलं. मग ती बाई म्हणाली, "माझी हेल्मी? कुणी सांगितलं म्हणून गप्प बसली? मी बर्फात टोपी घाल म्हटलं तरी ती ऐकत नाही." बोलता बोलता तिनं डोळे पुसले. "पाय बरा होईपर्यंत ती त्यांच्यापाशीच राहू दे," ती म्हणाली.

मी ते मराठीत सांगितलं. अक्का मटकन ओल्या गवतात बसली. मला वाटलं, सुटली बिचारी. तर माझ्याकडं बघून म्हणते, "आता लईच भ्या वाटतंय वो."

चवथ झाली, पाय बरा झाला, हेल्मी गेली. नंतरही दरवर्षी एकेक मुलगी अक्काकडं राहिली आणि दर मुलीच्या वेळी तिची तीच तऱ्हा. मी चेष्टा करायची, ती चिडायची. कधी कधी मला वैताग यायचा. पण त्या आठवड्यांत मी माझ्या घरी निवांत झोपायची, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात अक्का आजारी पडली ती उठलीच नाही. बेळगावच्या दवाखान्यात मी भेटायला गेले, तेव्हा बोलताना तिला धाप लागत होती. "औंदा कोन येनार?"

"येईल कुणीतरी. तुम्ही बऱ्या व्हा, तुमच्याकडंच ठेवते."

तिनं मान हलवली. "माजं ऱ्हाऊ दे. बगून ठेवा पोरीला."

मामांना लेकीनं खानापूरला नेलं. घराला कुलूप आहे. यंदा चिलीची एक मुलगी येणार म्हणून गेला महिनाभर मी घर बघत फिरतेय. दोन दिवसांपूर्वी एक सापडलं. नवं बांधकाम, गरम पाण्याची सोय, मागच्या खोलीतसुद्धा रेंज. नवराबायको हसतमुख, हौशी. मी विचारलं, विहिरीला कठडा आहे का, तुम्ही दोघं बाजारला गेलात तर घरात कोण असतं, मागं रान किती लांब आहे.

ते दोघं एकमेकांकडं बघून हसले. "मॅडम, येवडं टेन्शन कशाला घेता? पोरगी मोठी हाय. बिनधास्त सोडा."

चहा छान होता. निघताना मी सगळीकडं पुन्हा एकदा नजर टाकली, नाव ठेवायला जागा नव्हती. माणसं खरंच चांगली आहेत. फक्त त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती कुठंच दिसली नाही. होकार मी अजून कळवलेला नाही आणि पोरगी परवा येतेय.