मोघे मॅडमची ड्युटी

मोघे मॅडम कुणालाही भेटल्या की आधी त्याचं मनगट धरायच्या. नाव विचारायच्या नाहीत, चेहऱ्याकडे बघायच्या नाहीत. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवायची आणि आपल्या दुसऱ्या मनगटाकडे टक लावून बघत राहायचं. त्या मनगटावर एके काळी घड्याळ असणार. मी भेटले तेव्हा तिथे फक्त वृद्धनिवासाचा प्लास्टिकचा पट्टा होता, नाव आणि खोलीचा नंबर लिहिलेला. पण मॅडम त्या पट्ट्याकडे बघून पुरतं अर्धं मिनिट मोजायच्या आणि मगच हात सोडायच्या. त्यांच्या फाइलमध्ये ह्याची नोंद 'कर्मचाऱ्यांना पकडतात, सावध राहावे' अशी केलेली होती.

मी तिथे चहाची गाडी ढकलायला लागले होते. निखिल आणि मी, लग्नाला दीड वर्ष झालेलं जोडपं, पुण्यातल्या नोकऱ्या सोडून वर्षभराच्या व्हिसावर ऑस्ट्रेलियात आलो होतो. थोडं काम करायचं, थोडं फिरायचं, जुनी व्हॅन घेऊन अख्ख्या खंडाला प्रदक्षिणा घालायची असा बेत होता. आईला तो बेत अजिबात पटला नव्हता आणि आम्हाला तो फारच पटला होता. पहिले सहा महिने टूवूंबा ह्या डोंगरमाथ्यावरच्या गावात काढायचं ठरलं. निखिल डोंगर उतरून खालच्या खोऱ्यात ब्रोकोली कापायला जायचा. मी सॉफ्टवेअर तपासायचं सोडून पंचवीस म्हाताऱ्यांना चहा-बिस्किटं द्यायचे. माझं मृण्मयी हे नाव तिथे कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून मी मिनी झाले.

पहिल्या दिवशी टीगनने मला मोघे मॅडमच्या खोलीपाशी थांबवलं. टीगन तिथली सेविका, तिशीची, दणकट आणि मनाने मऊ. "तू इंडियन ना? बघ बाई तुला काही कळतं का. आम्हाला दोन वर्षं झाली, एक शब्द कळत नाही." मी आत गेले. खुर्चीत एक ठेंगणी, पांढऱ्या बॉबकटची बाई ताठ बसली होती. तिने माझं मनगट धरलं, अर्धं मिनिट मोजलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "ब्याण्णव. जिना पळत चढलीस का? पळायचं नाही. घाई पेशंटला असते, आपल्याला नसते."

मला रडूच आलं. पुण्याहून आल्यापासून निखिल सोडून कुणी माझ्याशी मराठीत बोललं नव्हतं, हे खरं. पण ते रडू त्याचं नव्हतं. ही बाई दोन वर्षं रोज इतकं नीट, इतकं मुद्द्याचं बोलत होती आणि सगळे तिला 'बडबडते' म्हणत होते.

टीगनकडून आणि मॅडमच्या मुलाकडून पुढे मला सगळं कळलं. डॉ. शरयू मोघे मिरजेत शिकल्या, तिथेच बाळंतपणाच्या वॉर्डात उमेदवारी केली आणि नवऱ्याबरोबर इकडे आल्या. टूवूंबाच्या हॉस्पिटलात त्यांनी तीस वर्षं बाळंतपणं केली. खुद्द टीगनला त्यांनीच जगात आणलं होतं. "पाय आधी आले होते म्हणे माझे," टीगन सांगायची. "आई अजून डॉक्टरांचं नाव काढते." नवरा गेला, मग मॅडमची स्मृती जाऊ लागली, आणि जाताना तिने उलट्या क्रमाने सामान उचललं. आधी कालचा दिवस गेला, मग नातवंडं, मग टूवूंबा आणि शेवटी सगळं इंग्रजी. उरली ती मिरज, तिथला वॉर्ड आणि मराठी.

मुलगा समीर मेलबर्नजवळ पॉइंट कुकला राहायचा. दर रविवारी फोन करायचा, दोन-तीन महिन्यांनी येऊन जायचा. वाईट नव्हता. आईसमोर बसून "हो आई, हो आई" एवढंच म्हणत राहायचा, कारण तेवढंच त्याला येत होतं. एकदा पार्किंगमध्ये मला इंग्रजीत म्हणाला, "शाळेतल्या टीचरने सांगितलं होतं, घरी फक्त इंग्लिश बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. आईने एका दिवसात मराठी बंद केली. शी वॉज व्हेरी स्ट्रिक्ट. आता ती माझ्याशी बोलते आणि मला फक्त टोन कळतो." मी त्याला म्हटलं, टोन तरी कळतो ना.

मॅडमचा सगळ्यात मोठा त्रास संध्याकाळचा होता. पाचला जेवण व्हायचं, सहापासून एकेकाला झोपवायला घ्यायचे. मॅडम खुर्चीतून उठायच्या नाहीत. दोघी-दोघींनी उचलायचा प्रयत्न केला तर हात झटकायच्या, ओरडायच्या आणि शेवटी त्यांना गोळी द्यावी लागायची. मी आठवडाभर ते बघितलं. एका संध्याकाळी मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि विचारलं, "मॅडम, झोपत का नाही?"

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "अगं, झोपू कशी? माझा रिलीव्हर कुठे आलाय? रिलीव्हर आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. कोणी शिकवलं तुला?"

दोन वर्षं ह्या बाईची ड्युटी संपली नव्हती. रोज संध्याकाळी ती पुढच्या डॉक्टरची वाट बघत बसायची आणि रोज तिला गोळी देऊन कर्तव्यावरून ओढून नेत होते.

मी उठून उभी राहिले. "मॅडम, मीच आलेय रिलीव्ह करायला. मी नवीन हाउसमन डॉक्टर. द्या चार्ज."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "उशीर झाला. ॲप्रन कुठाय?" मी धावत जाऊन स्वयंपाकघरातला पांढरा ॲप्रन बांधून आले. मग त्यांनी मला हाताला धरून खोल्या-खोल्यांतून फिरवलं. "चार नंबरची पहिलटकरीण आहे. कळा अजून लांब आहेत, पण घाबरलीय. औषध नको, हात धरून बस." चार नंबरच्या मार्गारेट आजी एक्याण्णव वर्षांच्या होत्या, पण घाबरलेल्या मात्र खरंच होत्या. "पाच नंबर, मागच्या खेपेला रक्तस्राव झाला होता, लक्ष ठेव. सात नंबरच्या कॉटवर हा नवरा काय करतोय? आधी बाहेर काढ त्याला." सात नंबरचे केन आजोबा मटार खात टीव्ही बघत होते. त्यांनी मॅडमना हात केला. फेरी संपली, मी म्हटलं, "घेतला चार्ज. तुम्ही जा आता." मॅडमनी खांदे सैल सोडले, खोलीत आल्या, आपणहून आडव्या झाल्या आणि पाच मिनिटांत झोपल्या. टीगन दारात उभी होती. ती गोळीची वाटी परत घेऊन गेली.

त्यानंतर पाच महिने हे रोज चाललं. सुट्टीच्या दिवशीही मी संध्याकाळी व्हॅन काढून जायचे. मला त्यात पुण्य-बिण्य वाटत नव्हतं, मजा वाटायची. मॅडम माझी परीक्षा घ्यायच्या. "पेशंट म्हणते दुखत नाही. तू काय करशील?" मी म्हणायचे, बरं आहे म्हणून लिहीन. "गाढव आहेस. माणूस भिडेपोटी खोटं बोलतो, नाडी बोलत नाही. हात धर." मी दमलेली दिसले तर त्या बिस्किटाचे दोन तुकडे करून मोठा मला द्यायच्या. आपलं घर, आपला मुलगा ह्यांबद्दल मात्र त्या कधी बोलल्या नाहीत. त्या अजून मिरजेच्या वॉर्डात होत्या, हे सगळं त्यांच्या आयुष्यात अजून यायचं होतं.

तिकडच्या थंडीतला जुलै संपत आला. एका मालकाकडे सहा महिन्यांहून जास्त काम करता येत नाही, अशी आमच्या व्हिसाची अट होती. मॅनेजरने मला बोलावून सांगितलं, अर्ज करू, वृद्धसेवेला परवानगी मिळते बहुतेक, तू थांबशील का? मी दोन दिवस विचार करते म्हणाले. निखिल म्हणाला, "तुला थांबायचं असेल तर थांबू. मी ब्रोकोली कापीन अजून." तो मनापासून म्हणाला होता. पण तो थंडीने फुटलेले हात चोळत होता, बाहेर पश्चिमेचा वारा व्हॅन हलवत होता, आणि आम्ही इतक्या लांब येऊन समुद्रसुद्धा धड बघितला नव्हता. मी अठ्ठावीस वर्षांची होते. मी नाही म्हणाले.

माझ्या जागी टीगनने चार्ज घ्यायचं ठरलं. मी तिला वाक्य पाठ करायला दिलं. "मॅडम, मी आले, द्या चार्ज." तिने गाडीत म्हणून-म्हणून घोटलं आणि फार छान म्हटलं. मॅडमनी तिला विचारलं, "चार नंबरच्या कळा किती मिनिटांनी येताहेत?" टीगनने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. मॅडम खुर्चीत परत बसल्या. "हिला काही येत नाही. हिच्या हातात वॉर्ड देऊन मी जाऊ?" माझा आवाज फोनवर भरून ठेवून बघितला, त्यालाही त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट बघितली. शेवटी ठरलं, मी जिथे असेन तिथून रोज सहाला व्हिडिओ कॉल करायचा. निखिलचा पांढरा शर्ट त्यासाठी ॲप्रन म्हणून व्हॅनमध्ये वेगळा टांगून ठेवला.

निघायच्या दिवशी मी मॅडमना सांगितलं नाही. काय सांगणार होते? मी नेहमीसारखा चार्ज घेतला. झोपताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "एकशे चार. काय लपवतेस?" मी म्हटलं, काही नाही मॅडम, पळत आले.

पहिले सोळा दिवस मी एकही कॉल चुकवला नाही. पेट्रोल पंपावरून, वाचनालयाच्या पायरीवरून, एकदा गव्हाच्या कोठाराच्या सावलीतून. मॅडम फोनमधल्या मला चार्ज द्यायच्या, शर्टाची इस्त्री नीट नाही म्हणून बोलायच्या आणि झोपायच्या. टीगन मागून अंगठा दाखवायची. मला वाटायला लागलं, जमलं की हे.

मग आम्ही दक्षिण किनाऱ्यालगतच्या नलारबोरच्या मैदानाला लागलो. तिथे झाड नाही, गाव नाही, फोनला रेंज नाही. सतराव्या दिवशी दुपारी रस्त्यावर एक पंप लागला. वायफाय आहे, अशी पाटी होती. निखिलने गाडी हळू केली. "थांबू या का? तास-दीड तासात सहा वाजतील तिकडे." पुढे साठ-सत्तर किलोमीटरवर कड्याखाली समुद्रात देवमासे आले होते, पिल्लांसकट, आणि उजेड असेपर्यंत पोहोचायचं होतं. मी म्हणाले, "राहू दे. एक दिवसाने काय होतंय."

आम्ही पोहोचलो. कड्याखाली एक प्रचंड मादी पाण्यावर पडली होती आणि तिचं पिल्लू तिच्या पाठीवरून घसरत होतं. मी खूप हसले, खूप फोटो काढले. दुसऱ्या दिवशी निखिल म्हणाला, अजून एक दिवस राहू या, आणि मीही राहू या म्हणाले. खरं तेच लिहायचं तर त्या तीन दिवसांत मला मोघे मॅडमची आठवण झाली नाही. पांढरा शर्ट माझ्या डोक्यावरच टांगलेला होता.

चौथ्या दिवशी पलीकडच्या पहिल्या गावात फोनला रेंज आली आणि तो एकामागून एक वाजायला लागला. पहिल्या संध्याकाळी मॅडम खुर्चीतून उठल्या नव्हत्या. टीगनने गोळी देऊ दिली नाही, मिनीचा फोन येईल म्हणाली आणि आपली पाळी संपल्यावरही शेजारी बसून राहिली. दुसऱ्या संध्याकाळी टीगनची सुट्टी होती. मॅडम रिलीव्हरला शोधायला एकट्या उठल्या, कॉरिडॉरमध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तीस वर्षं काम केलं त्याच हॉस्पिटलात त्यांना नेलं. तिथे त्यांना कुणी ओळखलं नाही. मी समीरला फोन लावला. तो म्हणाला, "आज सकाळी गेली ती. शी केप्ट आस्किंग समथिंग. मला कळलं नाही, मिनी. मी हो आई, हो आई म्हणत राहिलो." मी त्याला पंपाबद्दल सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

प्रदक्षिणा आम्ही पूर्ण केली. निखिल म्हणतो, त्यांचं वय झालं होतं, कधीतरी हे होणारच होतं. त्याचं बरोबर असेल. तो शर्ट त्याने पुन्हा घातला नाही आणि मीही टाकला नाही.

टीगनने हॉस्पिटलात मॅडमचं बोलणं फोनवर भरून मला पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, "काय म्हणताहेत सांग, म्हणजे मी त्यांना देईन." चार मिनिटांचं आहे. आवाज थकलेला आहे, पण चूक एकही नाही. चार नंबरची पहिलटकरीण आहे, घाबरलीय, हात धरून बस. पाच नंबरवर लक्ष ठेव. त्या नवऱ्याला बाहेर काढ. मग त्या थांबतात. विचारतात, "ऐकतेयस ना? घेतलास चार्ज?"

मी दर वेळी मोठ्याने म्हणते, घेतला मॅडम, तुम्ही जा आता. त्या थोडा वेळ वाट बघतात आणि पुन्हा चार नंबरपासून सांगायला लागतात.