विश्वजितचा लिंब

आमच्या जत तालुक्यातल्या गावात झाडं लावायचा मुहूर्त फेब्रुवारीत असतो. पाऊस जूनमध्ये येतो, आलाच तर. पण जवानांच्या ताफ्यावरचा हल्ला फेब्रुवारीत झाला आणि श्रद्धांजली तारखेलाच वाहायची असते. दरवर्षी गाव माळावर जमतं, श्रमदान होतं, प्रत्येक शहिदाच्या नावानं एक कडुलिंब लागतो. एप्रिलपर्यंत रोपं वाळतात. पाट्या टिकतात, त्या पत्र्याच्या आहेत.

त्यातली एक पाटी हरिबाच्या विश्वजितची. हरिबा मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कराडकडच्या उसाच्या रानात जायचं आणि पावसाला परतायचं, ही घराण्याची रीत. त्यामुळे लेकाची पहिली काही झाडं त्याच्या माघारीच मेली.

त्यानं सरपंचांना सुचवून पाहिलं, "बाळासो, आवं, आषाढात लावा की. जगतील तरी."

"पोरं काय आषाढात गेली व्हय रं?"

सभा गंभीर झाली आणि विषय संपला.

गेल्या वर्षी मग हरिबानं कळप भाऊ धुळाच्या हवाली केला आणि स्वतः गावात राहिला. घरच्या टँकरच्या पाण्यातली एक घागर रोज लेकाच्या लिंबाला.

"मेंढरं सोडून झाड राखतोय गड्या! लोकर कवा कातरायची?"

असं म्हणून गाव हसायचं, तोही हसायचा. तिकडं धुळाच्या हाताखाली बरीच कोकरं दगावली, त्याबद्दल बोलला नाही. झाड कमरेएवढं झालं. माळावर जगलेलं तेवढंच.

यंदा कार्यक्रमाच्या सकाळी तो टँकरपाशी रांगेत होता. घागर घेऊन माळावर पोचला, तर बाळासो सामोरे आले. हातात कुदळ, अंगावर घाम, मनापासून खूश.

"हरिबा, सगळ्यात आधी तुझ्या पोराचा खड्डा साफ केला बघ. वाळकं खोड लय घट्ट हुतं. तिघं लागलो."

फेब्रुवारीत लिंब पानं गाळतो, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण या माळावर झाड जगतं, हे कुणाला खरं वाटत नव्हतं.

हरिबानं ढिगातलं खोड उचललं, नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं. मूळ कुदळीनं मधोमध तुटलेलं.

"पानं न्हवती रं," बाळासो हळूच म्हणाले.

"फेब्रुवारी हाय," हरिबा म्हणाला.

पाहुणे आले. विश्वजितचं नवं रोप वडिलांच्याच हस्ते लागलं. घागर भरलेली होती, ती त्यानं ओतली.

दुसऱ्या दिवशी तो धुळाकडं, मेंढरांमागं निघून गेला. रोपाला पाणी घाला म्हणून कुणाला सांगितलं नाही.