बसून नाचणारा सेनानू

सेनानू क्पोदो नाच रंगवतो. असं तो स्वतः सांगतो, आणि न विचारता सांगतो. केटाच्या खाडीकाठी, कांद्याच्या वाफ्यांपलीकडे त्याचं घर आहे. भिंतींना माणसापेक्षा उंच कॅनव्हास टेकवलेले. त्यांवर ना माणूस, ना ढोल. गेरूचे पट्टे, निळीचे फटकारे, मध्येच एखादी पिवळी ठिणगी. नावं मात्र दणदणीत: 'आग्बाजा: पहिला आवेग', 'आग्बाजा: घंटेचा श्वास'. चित्रं वाईट नाहीत. वाईट असती तर त्याची कीव तरी करता आली असती.

आग्बाजा म्हणजे आमचा गावनाच, पण पन्नाशीला आलेल्या या माणसाला तो नाचताना गावात कोणी पाहिलेलं नाही. मयताला, बारशाला, सणाला आमच्याकडे सगळे नाचतात. पाठ वाकवून, कोपरं मागे टाकून, खांद्यांचे पंख करून. लंगडे नाचतात, पाद्रीही नाचतो. सेनानू मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो आणि मांडीवरच्या कागदावर रेघा ओढतो. गाण्यांकडे त्याचं लक्ष नसतं. "शब्द मध्ये आले की रंग मरतो, मी फक्त ठेका ऐकतो," असं त्याने रेडिओवर सांगितलं होतं. आमच्या गाण्यांत गावाची निम्मी भांडणं मिटतात आणि उरलेली निम्मी सुरू होतात. पण त्याचा रंग जगला पाहिजे.

यंदा त्याला राजधानीत, अक्रात, मोठं प्रदर्शन मिळालं. उद्घाटनाला गावचं वाद्यमंडळ वाजवणार, असा शब्द त्याने आयोजकांना परस्पर देऊन टाकला. पत्रिकेवर मंडळाचं नाव छापून झालं, मंडळाला पत्ता नव्हता. मंडळाशिवाय प्रदर्शनाची शोभा होणार हे कळल्यावर तो मुख्य गायिकेकडे गेला. आबलावी ही त्याची सख्खी आत्या.

"आत्या, अक्राला याल ना सगळे?"

"शनिवारी ग्बेतीचं मयत आहे," ती म्हणाली. नुकताच वारलेला ग्बेती म्हणजे मंडळाचा मोठा ढोल वाजवणारा. सेनानूची निम्मी चित्रं त्याच्याच हातांवर उभी आहेत. "ये, त्याच्यासाठी एक फेरी नाच. मग अक्रा काय, समुद्रापलीकडे येऊ."

"एवढंच?"

"एवढंच. तुला तेवढंही पुष्कळ आहे."

शनिवारी तो आला. अंगावर मयताचं काळं-तांबडं कापड नवं कोरं, घडीच्या रेषा तशाच. आमची रीत अशी की कोणी नाचत समोर येऊन हात पसरले की उठायचं आणि जोडीने ढोलांपर्यंत जायचं. नाकारलं तर मेलेल्याला नाकारलं. आबलावीने त्याच्यासमोर हात पसरले.

"आत्या, मी इथूनच नाचतोय," तो पेन्सिल नाचवत म्हणाला.

"ऊठ रे बाबा. खुर्ची चिकटली का बुडाला?"

"थांब जरा, ही रेघ छान आलीय."

शेजारचा म्हातारा म्हणाला, "सोड गं त्याला. ग्बेती मेलाय, हा अजून जन्मलाच नाही."

आबलावी परत गेली. ठेका तोच राहिला, गाणं बदललं. तिने ते जागीच रचलं:

बगळा आला खाडीकाठी, पाण्याचं चित्र काढतो,
पाय मात्र कोरडे गं, पाय मात्र कोरडे.
मासा सांगे मासोळीला, भिऊ नको बाई,
भूक आहे याला, पण चोच काही नाही.

बायकांनी ते उचललं, भोपळ्याचे खुळखुळे चढले. टोमण्याच्या गाण्यात आम्ही नाव घेत नाही. ज्याला लागलं त्याने गप्प बसायचं. गाणं बेवारशी राहतं आणि संध्याकाळपर्यंत निवतं. पण जो उठून गाणारीच्या कपाळाला नोट चिकटवतो, त्याने ते गाणं आपलं म्हणून घेतलं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

सेनानू उठला. ढोलांपर्यंत चालत गेला, नाचत नव्हे. आणि आत्याच्या घामेजल्या कपाळावर त्याने कोरी नोट थापली. "वा आत्या! काय उसळी आहे!"

ढोल क्षणभर चुकले. मग सगळा मांडव हसून लोळला.

कोणीतरी त्याला ओळी एकेक करून ऐकवल्या. त्याचा चेहरा उतरला.

"अक्राला हे नको म्हणू हं, आत्या."

"असं कसं? नोट लावलीस, गाणं तुझं झालं. तू बोलावशील तिथे आधी हेच म्हणावं लागेल."

अक्राच्या पाहुण्यांतल्या निम्म्यांना आमची भाषा येते, हे त्याला पुरतं माहीत होतं. "मग दुसरं रच ना."

"रचते की. ढोल अजून गरम आहेत. एक फेरी मार, वाकडीतिकडी का होईना. हे मी इथेच पुसून टाकते."

लोक बाजूला सरले. सगळ्यांना ठेका देणारी घंटा वाजत राहिली. ग्बेतीच्या विधवेनेसुद्धा त्याच्यासाठी जागा केली. सेनानूने एकदा मोकळ्या वाळूकडे पाहिलं, एकदा माणसांकडे.

"घरी रंग उघडे राहिलेत," तो म्हणाला. "सुकून जातील." आणि निघाला.

मंडळ अक्राला गेलं नाही. उद्घाटनाला हॉटेलात वाजवणारं भाड्याचं पथक आलं. एकसारखे झगे, एकसारखं हसू, आणि पुढे चालायची ती घंटाच ढोलाच्या मागून फरफटत येणारी. चित्रं खपली. घेणाऱ्यांना फरक कळला नाही. सेनानूलाही कळला असेल, असं वाटत नाही.