टिटवीचा राखणदार

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागं हा किस्सा सांगितला तेव्हा मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता!

तर, आमच्या घरासमोर कॉलनीची मोकळी जागा आहे. मुरूम, खडी, थोडं वाळकं गवत, बाकी नुसतं ऊन. गेल्या एप्रिलात तिथं एक टिटवी आली. आणि पश्चिमेला विजेच्या खांबापाशी घिरट्या घालून तिनं असा काही कालवा लावला की बस्स!

मी लगेच ओळखलं. अंडी घातलीत! का नाही ओळखणार? आमचं घराणं पाचोडकडचं, धनगराचं. माझे वडील, आबा, अजून मेंढरं राखतात. मी कॉलनीत छाती काढून सांगितलं, "मी मेंढरामागं वाढलेला माणूस. टिटवी मला कुणी शिकवू नये."

आता तुम्ही घरचेच म्हणून सांगतो. मी पाचवीपासून शहरात, छावणी भागात मामाकडं शिकायला होतो. मेंढरं बघायचो ती दिवाळीच्या सुट्टीत, अन् तीही लांबून.

लांबूनच वाकून पाहिलं, तर खांबापाशी खडीत चार अंडी! तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. जवळ काही गेलो नाही. माणसाचा वास लागला की पाखरू अंडी टाकून जातं म्हणतात ना! चार काठ्या रोवल्या, दोरी बांधली, पाटी लावली. 'हळू बोला. बाळंतीण आहे.'

झालं! पोरांचं क्रिकेट बंद. शेजारचे शेखचाचा तिथंच रिक्षा वळवायचे, तेही बंद.

"अरे भाऊ, दो दिन से पूरी गल्ली उल्टी रिक्षा लेके जारा मैं!"

"चार जान का सवाल है, चाचा."

"हौ, वो भी सही है," म्हणाले बिचारे, अन् मान मागं वळवून निघाले.

जाधवकाकूंच्या पोरीची हळद रविवारी होती. मांडव खांबापाशीच पडणार होता. काकू कमरेला पदर खोचून आल्या.

"आता मांडव कुठं घालू? तुमच्या डोक्यावर?"

"पूर्वेला घाला की, माझ्या खुर्चीपाशी!"

हो, खुर्ची सांगायची राहिलीच. मी दोन दिवस रजा टाकून पहाऱ्याला बसलो होतो. बाळंतिणीला संकोच नको म्हणून पार पूर्वेच्या टोकाला खुर्ची टाकून, वर छत्री उघडून! मी बसलो रे बसलो, की टिटवी माझ्या डोक्यावरून ओरडत निघायची ती थेट खांबाकडं.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "मला सांगतीय, भाऊ, इकडं लक्ष असू द्या."

सुनंदा म्हणाली, "अहो, ती शिव्या देतीय असं वाटतंय मला."

रविवारी सकाळी मांडववाले पहारी घेऊन आले. तेवढ्यात हळदीसाठी आबाही पाचोडहून उतरले. डोक्याला मुंडासं, हातात काठी. मी मोठ्या ऐटीत त्यांना पाटी दाखवली. त्यांनी सरळ दोरी ओलांडली अन् एक अंडं उचललं!

काकू किंचाळल्या. चाचांनी डोळे झाकले. आबांनी अंडं काठीवर आपटलं.

टक्क!

"गोटा हाय," आबा म्हणाले. मग दुसरं, टक्क. तिसरं, टक्क. चौथं तर त्यांनी माझ्याच हातात दिलं.

"मग अंडी कुठंयत?" मी कसंबसं विचारलं.

"टिटवी कधी अंड्यापाशी वरडती का, येड्या? ती लांब जाऊन वरडती, माणसाला लांब न्यायला. तू कुठं बसत होता?"

मी खुर्चीकडं बोट दाखवलं. तिथं मांडववाल्यानं दोन्ही हातांनी पहार उचलली होती.

"आरं थांब!" आबा केवढ्यानं ओरडले! "पहार वरच धर!"

तो तसाच थिजला. त्याला हळूच मागं घेतलं, मग आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे राहिलो. टिटवी गप्प झाली. खाली उतरली. तुरूतुरू चालत, थांबत, इकडं तिकडं बघत आली, अन् माझ्या खुर्चीच्या मागच्या पायापासून वीतभर अंतरावर अंग हलवून बसली. खडीतच! दोन दिवस माझी पाठ होती तिकडं.

"अगं माय, बसली गं!" काकूंचा आवाजच भरून आला. खरं सांगतो, मलाही लई आनंद झाला. लाज वाटायची ती नंतर वाटली.

"म्हंजे दोन दिस उन्हात अंडी उघडी?" मी घाबरून विचारलं.

"तू जेवायला, झोपायला जात होता ना? तेवढ्यात बसली आसंन. तुझी भूक चांगली म्हणून वाचली."

मांडव खांबाकडं गेला, दोरी अन् पाटी खुर्चीच्या जागी आली. काकूंनी स्वतःहून डीजे रद्द केला, बायकांनी गाणी म्हटली. एवढी माणसं जमली, पण टिटवी जागची हलली नाही. मी मात्र दारात पाऊल टाकलं की ती उडालीच बोंबलत! तीनदा झालं. आबा ओट्यावरून बघत होते.

"पाखरू जगवायचं आसंन," ते म्हणाले, "तर ह्याला मी पाचोडला नेतो."

कुणीतरी नको म्हणेल म्हणून मी सगळ्यांकडं पाहिलं. काकू लाडू बांधून द्यायला आत पळाल्या होत्या. चाचांनी आम्हाला स्टँडपर्यंत सोडलं. रिक्षा त्या दिवशी पहिल्यांदा सुलटी गेली.

आठव्या दिवशी सुनंदाचा फोन आला. "अहो, चार पिल्लं निघाली! इवल्या पायांवर काय पळतायत! अख्खी कॉलनी गच्चीवर आहे."

माझे डोळे भरून आले. "मग येऊ का गं मी आता?"

"या की," ती म्हणाली. "पण मागच्या गल्लीनं या."