आमच्या माशाची संकष्टी

मासे उपास करतात का, असं मला पूर्वी कुणी विचारलं असतं तर मी त्याला आधी पाणी प्यायला दिलं असतं. पण आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये एक मासा कितीतरी महिने संकष्टी करत होता, आणि त्याच्यापायी माझा नवरा हातचा जायची वेळ आलेली. म्हणून सांगते.

मासा मूळचा लेकीचा. ती नोकरीला पुण्याला गेली तेव्हा काचेची पेटी, पंप, खाद्याची डबी सगळं आमच्या टीव्हीशेजारी मांडून गेली. "बाबांना सोबत होईल," म्हणाली. आमचे हे रिटायर झाल्यापासून दिवसभर ओरडायचं कुणावर हा मोठाच प्रश्न होता. मासा ऐकून घेणारा निघाला. उलट बोलायचा नाही, उठून जायचा नाही. दोघांचं जमलं. दिसायलाही सारखेच, पोट पुढे. मासा तेवढा शेंदरी.

यांना शुगर. डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं, "काका, गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. उपास बंद." पण संकष्टी हे लग्नाआधीपासून करतात. सकाळी बशीभर शाबूची खिचडी, मग रात्री चंद्र उगवेपर्यंत पाण्यावर. एका संकष्टीला चंद्र बघायला गच्चीवर निघाले आणि जिन्यातच घाम फुटून खाली बसले. हातपाय थरथरायला लागले. मी पळत जाऊन तोंडात साखर कोंबली. तेव्हापासून कॅलेंडरवर ती चतुर्थी जवळ आली की मी साखरेचा डबा हाताशी ठेवायची.

पुढच्या संकष्टीला मी हट्टच धरला, उपास करू देणार नाही. नेमकं त्याच संध्याकाळी यांनी माशाला खाद्य टाकलं, तर मासा बघेना. एरवी डबीचा आवाज आला की तोंड वर काढून नाचणारा! दाणे तरंगत राहिले. त्याच्या पुढच्या संकष्टीलाही तेच.

"अगं, बघ," हे म्हणाले, "मुकं जनावर चंद्राची वाट बघतंय. आणि मला माणसाला तुम्ही जेव म्हणताय व्हय?"

झालं! समोरच्या वहिनी आल्या, त्यांनी पेटीपुढे हात जोडले. "रंग बघा की हो, शेंदूर! मला आधीच वाटलं होतं." दुसऱ्या महिन्यापासून त्या दूर्वा आणायला लागल्या. एक जुडी पंपात अडकून पंप बंद पडला, तर म्हणाल्या, देवानं ठेवून घेतली.

आता माशानं उपास सोडायचा कसा? पेटी काही गच्चीवर नेता येत नव्हती. मग हे वर जायचे, चंद्र दिसला की मोबाईलवरून मला फोन करायचे. मी स्पीकर लावून फोन काचेजवळ धरायची. "उगवला रे!" असं वरून ओरडले की मी चिमूटभर खाद्य टाकायची, आणि मासा खरंच तुटून पडायचा. हसू नका. माझ्याही अंगावर काटा यायचा. पावसाळ्यात ढगांमुळे चंद्र दिसलाच नाही, तेव्हा कॅलेंडरमधली वेळ बघून ओरडले. मासा तेव्हाही जेवला. मी म्हटलं, "चंद्र न बघता कसं काय खाल्लं यानं?" तर म्हणाले, "कॅलेंडर मानतोय त्यो."

मला यांचा उपास सोडवायचा होता, आणि त्यासाठी आधी माशाचा सोडवायला लागणार होता. मी शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, समुद्रातल्या माशांचं भरती-ओहोटीवर असतंय, त्यात चंद्र येतोय. तुमच्या काचेत कुठली आली भरती? तुमची ट्यूबलाईट हाच त्याचा चंद्र." मला पटलं. निघताना विचारलं, "मग परवा सकाळी तुमच्याकडनं खाद्य न्यायला येऊ?" तर म्हणाला, "परवा नको, अमावस्या हाय. दुकान बंद."

मग माझ्या भावाला फोन केला. तो शाहूवाडीकडे असतो, भातशेती करतो आणि वेळ मिळेल तेव्हा ओढ्याला गळ टाकून बसतो. "अक्का, पुनवेला मासा लागत न्हाय," तो म्हणाला. "रातभर चांदण्यात चरतोय, दिवसा पोट भरलेलं असतंय."

"आणि अवसेला?"

"अवसेला बी लागत न्हाय."

"का रे?"

"अवसेला मी जातच न्हाय की."

असा सगळा आनंद होता. पण पुढच्या संकष्टीला भाऊ तांदळाचं पोतं घेऊन सकाळीच आला. चहा पीत पीत पेटीपाशी वाकला आणि ओरडला, "अक्का! ह्यो मासा शाबू खातोय की गं!"

मी धावले. तळाच्या खड्यांमध्ये फुगलेला शाबू पडलेला, शेंगदाण्याचा कूट आणि एक जिरं. शेजारी हे खिचडीची बशी घेऊन उभे.

"अहो, तुम्ही माशाला खिचडी घालता?"

"मग उपाशी ठेवू काय?"

"तुम्हीच म्हणत होता त्याला उपास हाय!"

"हायच की! म्हणून तर शाबू देतोय. उपास नसता तर डबीतलं नसतं दिलं?"

भाऊ हसून हसून पोत्यावर बसला. मला मात्र हसावं की रडावं कळेना. प्रत्येक संकष्टीला मी विचारायची, माशाला काही घातलंत का? हे नाही म्हणायचे. आणि ते खोटं नव्हतं हो. आपल्याकडे फराळ म्हणजे खाणं नव्हेच. बशीभर खिचडी, वर दही, वर केळं झालेल्या माणसाला विचारा, जेवलात का? म्हणेल, "न्हाय हो, आज उपास."

समोरच्या वहिनी आल्या. मला वाटलं आता तरी डोळे उघडतील. त्या म्हणाल्या, "शाबू चालतोय की उपासाला. मासा चुकला कुठं?"

तेवढ्यात भावाचं हसू थांबलं. "दाजी, ह्यो वाकडा पवतोय बघा."

खरंच. पोट टम्म, अंग एका कुशीवर. यांचा चेहरा उतरला. लगेच दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "शाबू? अहो काका, आत जाऊन फुगतोय त्यो! पुन्हा घालू नका, न्हायतर मासा जाईल. आज आणि उद्या काहीच देऊ नका."

म्हणजे बघा, उपास मोडायला गेलो आणि माशाला पहिला खरा उपास लागला.

हे दिवसभर पेटीसमोरून हलले नाहीत. संध्याकाळी पुटपुटले, "चूक माझीच. त्याच्या पोटाला सोसत न्हाय, तर कशाला धरायला लावायचा उपास? देव काय रागावतोय?"

मी शेजारी बसले. म्हटलं, "आणि तुमच्या पोटाला?"

यांनी काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी धरला तर त्यो बी धरंल. त्याला काय सांगून कळतंय?"

"न्हायच कळत."

"मग ताट वाढ."

चंद्र उगवायला अजून अवकाश होता. मी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. पाटावर न बसता हे ताट घेऊन पेटीकडे पाठ करून जेवले. माशाला दिसू नये म्हणून.

मासा तिसऱ्या दिवशी सरळ पोहायला लागला. आता संकष्टीच्या दुपारी दोघं एकाच वेळी जेवतात, हे भाकरी, तो डबीतलं. रात्री हे जेवल्या पोटी गच्चीवर जातात, जिन्यात कुठेही न बसता. फोन येतो, मी स्पीकर लावून काचेला धरते.

"उगवला रे!"

मासा वर येतो, तोंड उघडतो. मी डबी उचलत नाही. म्हणते, "तुझं दुपारीच झालंय," आणि हे खाली येण्याआधी दार उघडून ठेवते.