चौथी पास तांडेल

माझ्या बाबांचे हात सहा-सात वर्षं थरथरत होते, उजवा जास्त. बाबा तारोडीचे तांडेल, स्वतः बोट घेऊन समुद्रात जाणारे. पण चहाचा कप तोंडापर्यंत जाईना, फाटलेलं जाळं विणता येईना. बंदरावर एखादा डिवचायचाच, "काय तांडेल, सकालीच घेतली काय?" बाबा दारूला शिवत नाहीत. ते नुसते हसायचे आणि हात खिशात घालायचे. राग मला यायचा, तोही आमच्या कुलदेवीचा, एकवीरा आईचा. दिवा लावायचे मी, पण मनातून तिच्याशी बोलणं सोडलं होतं.

औषधांनी उतार पडेना, तेव्हा डॉक्टरांनी नवा उपचार सांगितला. कवटी उघडायची नाही. ध्वनिलहरी बाहेरून मेंदूतल्या एका बारीक ठिपक्यावर एकवटायच्या आणि उजव्या हाताची थरथर उठवणारी तेवढीच जागा उष्णतेने निकामी करायची. माणूस जागाच असतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मीरा रोडच्या माझ्या घरी बसून सगळं वाचलं, सगळे फॉर्म मीच भरले. डोकं पूर्ण भादरणार म्हटल्यावर माझी आई भडकली, "घरात कोन मेलंय काय, मुंडण कराला?" बाबा म्हणाले, "केस एकवीरेला वाहिले समज. तशे पन चारच उरलेत."

त्या दिवशी मी बाहेर बसून होते. आत डॉक्टर थोडी थोडी उष्णता देऊन मधूनमधून बाबांना कागदावर गोल गोल चक्र काढायला सांगत होते. रेघ सुधारली की जागा बरोबर लागली, असं समजायचं. बऱ्याच वेळाने एक डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "हात शांत वाटतोय, पण चक्र काही जमत नाहीये. उष्णता वाढवली तर जोखीम आहे, थांबलो तर थरथर राहू शकते. आम्ही विचार करतोय." माझं सगळं वाचन तिथे संपलं. कितीतरी दिवसांनी मनातून निघालं, एकवीरा आई, मला काही कळत नाही, आता तूच बघ.

सकाळी बाबांना आत नेणाऱ्या हॉस्पिटलच्या मावशी तिथेच उभ्या होत्या. सहज म्हणाल्या, "पोरी, सकाळी चक्राचा सराव घेतला तवा बघितलं मी. तुझा बाबा पेन वल्ह्यासारखं धरतोय. शाळेत गेलता का कधी?"

फॉर्मवर 'शिक्षण' या रकान्यात मी 'चौथी पास' लिहिलं होतं. बाबांनी पाटीसुद्धा धरलेली नाही, मग पेनाने चक्र कसं जमणार? ज्या माणसाने मला पदवीपर्यंत नेलं, त्याची मला एका रकान्यात लाज वाटली होती. मी डॉक्टरांना थांबवून खरं सांगून टाकलं. त्यांनी रागावून बघितलं नाही, एवढंच विचारलं, "मग त्यांच्या हाताला काय येतं?"

"जाळं विणणं. थरथर नसेल तर झोपल्या झोपल्यासुद्धा गाठ मारतील."

डॉक्टरांनी बँडेजची पट्टी पिळून दोरी केली आणि आत नेली. नंतर कळलं, बाबांनी आडवं पडून, न बघता गाठ मारली. मग दुसरी, तिसरी. डॉक्टर म्हणाले, हात स्थिर आहे, आता उष्णता वाढवायची नाही, इथेच थांबायचं.

मी याला चमत्कार म्हणत नाही. उपचार डॉक्टरांनीच केला. पण मी हात टेकले आणि तो प्रश्न आला, तोही नेमका माझ्या खोटेपणावर बोट ठेवणारा. मावशींना शोधायला गेले तर त्यांची ड्यूटी संपली होती; नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलणं सोडलं त्याआधीही मी देवीला फक्त काय करायचं तेच सांगत होते. तिच्यावर सोडायचं म्हणजे आधी आपण जसे आहोत तसे तिच्यासमोर यायचं, हे मला पदवीने नाही, त्या दिवसाने शिकवलं. बाबांचा डावा हात अजून थरथरतो. उजवाही पुढे थोडा थरथरेल कदाचित. ते तिचं ती बघेल.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले, तर बाबा गुळगुळीत डोक्याने पलंगावर बसलेले आणि समोर दोन शिकाऊ डॉक्टर दोरीशी झटतायत. "असं न्हाय रं डॉक्टर! खालून घे, खालून. किती वर्सं शिकलास तू?" सगळा वॉर्ड हसत होता. शेजारच्या पेशंटजवळ बसलेल्या बाईंनी मला विचारलं, "ये अंकल कौन हैं?"

"मेरे बाबा," मी म्हटलं. "कभी स्कूल नहीं गये. अभी डॉक्टर लोगों को सिखा रहे हैं."

आणि भरल्या वॉर्डात, उभ्या उभ्याच, एकवीरा आईला हात जोडले.